पाव टाकी पाणी

फिश टँक विकत घेतला की त्याच्याबरोबर एक घडीचं पत्रक मिळतं. मासे कसे सोडावेत, खाणं किती घालावं अशा सूचनांच्या मधोमध त्यात एक वाक्य असतं : दर आठवड्याला टाकीतलं पाव भाग पाणी बदलावं. हे लिहिणारा माणूस कोलकात्यात राहत असेल, कोचीत राहत असेल, अगदी कोल्हापुरातही असू शकेल. छत्रपती संभाजीनगरात तो राहत नाही. आमच्याकडं पाणी कधी बदलायचं ते मासे ठरवत नाहीत, मालक ठरवत नाही, पत्रक तर नाहीच नाही. ते व्हॉल्व्ह फिरवणारा लाइनमन ठरवतो. नळाला पाणी कुठं पाचव्या दिवशी, कुठं आठव्या, आणि उन्हाळ्यात जलवाहिनी फुटली की दहाव्या-बाराव्या. वर्तमानपत्रं याला ‘गॅप’ म्हणतात. गॅप वाढला, गॅप कमी होणार, गॅप जैसे थे. जगातले बाकीचे फिश टँकवाले पाणी बदलायला वार ठरवतात, रविवार सकाळ वगैरे. इथला फिश टँकवाला अपरात्री गल्लीतून ‘नळ आले’ अशी हाक आली की उठतो, मोटार लावतो, आधी संप भरतो, मग ड्रम, मग बादल्या, मग स्वयंपाकघरातली पातेली, आणि फटफटायच्या सुमारास काचेआडून टक लावून बसलेल्या त्या जीवांकडं वळतो. माशांना पापण्या नसतात, त्यामुळं ते रोखून बघतायत की झोपलेत हे सांगता येत नाही. आपल्याला उगाचच ओशाळं व्हायला होतं.

जुन्या शहरातल्या ज्या दुकानातून मी टाकी आणली, तिथल्या चाचांनी पैसे मोजता मोजता पहिला धडा दिला होता. “मछली को कुछ नहीं होता मियाँ, जो होता है वो पानी को होता है. पानी संभालो. और पूरा पानी कभी नक्को बदलो.” म्हणजे आपण मासे सांभाळतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात सांभाळायचं असतं पाणी. ही गोष्ट इतर गावांत नव्या माणसाला समजावून सांगावी लागते. आमच्या शहरात ते प्रशिक्षण जन्मापासून झालेलं असतं. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी, जिन्याखाली संप, न्हाणीघरात निळे ड्रम, ओट्याखाली कळश्या. अख्खं शहर पाणी सांभाळूनच बसलेलं आहे. त्यात मासे तेवढे सोडायचे राहिलेत.

उलट एका बाबतीत आम्ही पुण्या-मुंबईच्या फार पुढं आहोत. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं आणि ते माशांच्या कल्ल्यांना भाजतं. म्हणून जाणकार सांगतात, पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा, क्लोरीन उडून जाईल. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. हे थेंब म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये ज्याला हायपो म्हणायचे तेच. आता बादलीत पाणी २४ तास ठेवायचं म्हटल्यावर मुंबईचा माणूस जागेच्या काळजीत पडतो. आमच्याकडं २४ तासांच्या आतलं पाणी हीच दुर्मीळ वस्तू आहे. घरातला थेंब न् थेंब क्लोरीन उडवून, थंड होऊन, गाळ खाली बसवून माशांच्या सेवेला हजर असतो. पाणीटंचाईचा हा फायदा कुठल्याच पक्षानं आपल्या जाहीरनाम्यात घेतला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

फायदा इथंच संपतो, कारण मग हिशेब सुरू होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. त्याचा पाव भाग म्हणजे १४ लिटर. पत्रक लिहिणाऱ्याला ही एक बादली वाटते. गॅपच्या सातव्या दिवशी आमच्या घरात याला ‘दोघांची आंघोळ’ म्हणतात. आमची आई माळकरी. ती एकदा अगदी शांतपणे म्हणाली, “प्यायला जार विकत आणायचा आणि यांना बादलीभर पाणी?” मी मोठ्या हुशारीनं पैठणचा आधार घेतला. आपलं पाणी येतं जायकवाडीच्या जलाशयातून, त्याला नाव नाथांचं, नाथसागर. आणि नाथांनी तर रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखात ओतली होती! आईनं वातीचा कापूस बाजूला ठेवला. “अरे, ते गाढव तहानलेलं होतं. हे तर पाण्यातच बसलेत.”

यावर उत्तर नाही. शास्त्र मदतीला येईल म्हणून पाहावं तर ते आईच्याच बाजूचं निघतं. गोड्या पाण्यातला मासा पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, त्यामुळं कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी आपोआप त्याच्या अंगात झिरपत राहतं आणि ते बाहेर टाकण्यातच त्याचा दिवस जातो. पैठणहून पंचेचाळीसेक किलोमीटर चढावर उपसून आणलेलं, दोन ठिकाणी फुटून-जोडून घरापर्यंत पोचलेलं पाणी हा प्राणी फक्त अंगातून फिरवून परत देतो. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

परत देताना तो त्यात अमोनिया मिसळतो, आणि फिश टँकची सगळी उस्तवार खरं तर या अमोनियाभोवती फिरते. पाण्यात आणि फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती असते. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बरंच सोसवतं, आणि ते कमी करण्यासाठीच पाव टाकी पाणी बदलायचं. ही वस्ती नव्या टाकीत बसायला चार-सहा आठवडे लागतात. एवढा दम कोणाला असतो? टाकी शनिवारी येते, रविवारी पाहुणे यायचे असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळीच डझनभर मासे सोडले जातात. पुढच्या पंधरवड्यात ते एकेक करून उलटे होतात आणि घरमालक शेजाऱ्यांना सांगतो, “दुकानदारानं आजारी माल दिला.”

सगळं जुळून आलं तर काय होतं ते लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८४९ साली करून पाहिलं होतं. बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात त्यानं दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं गवत ठेवलं. गवत माशांना प्राणवायू देईल, मासे गवताला खत देतील, पाणी बदलायलाच नको, असा बेत. पण गवताची पानं कुजली, पाणी गढूळलं, काचेवर शेवाळ धरलं. मग त्यानं गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी कुजकं खाल्लं आणि गाडं रुळावर आलं. पुढच्या वर्षी त्यानं हे सगळं छापलं आणि घरोघरी मासे ठेवायची टूम इंग्लंडात पसरली. या इतिहासातून मी एवढंच घेतलं की फिश टँकला पहिल्या दिवसापासून कोणीतरी सफाई कामगार लागतच आला आहे, आणि गोगलगाय नसेल तर तो कोण असतो हे सांगायला नको.

या सफाईचं एक दुष्ट तत्त्व आहे : जे स्वच्छ दिसतं ते स्वच्छ नसतं. फिल्टरचा स्पंज काळपट-तपकिरी, बुळबुळीत, हात लावू नये असा दिसतो. पण तीच ती वस्ती. तो धुवायचा तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा, नळाखाली नाही. हे तत्त्व मराठी घरात टिकणं अवघड आहे आणि दिवाळीच्या आधी तर अशक्य. आमच्या ओळखीच्या एका घरी वसुबारसेच्या आदल्या दिवशी टाकीची साग्रसंगीत साफसफाई झाली. खडी गरम पाण्यातून काढली, काच तारेच्या घासणीनं, स्पंज भांड्याच्या साबणानं, प्लास्टिकचं झाड ब्रशनं. टाकी शोरूममध्ये होती तेव्हाही इतकी झळकली नसेल. लक्ष्मीपूजनाला त्यांच्याकडं फराळाला गेलो, तर रोषणाई टाकीतही होती, फिल्टरचे बुडबुडे होते, खजिन्याची पेटी उघडमीट करत होती. मासे नव्हते.

दुसरा घात आग्रहाचा. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घालायचं असतं, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. धडधाकट मोठा मासा आठवडाभर काही खाल्लं नाही तरी राहतो. पण आपल्याकडं ‘आता पुरे’ हा शब्द पाहुण्यानं तीनदा उच्चारल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत, आणि मासा तर एकदाही उच्चारत नाही. गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळं पोट भरल्याची तक्रार त्याच्याकडून कधीच येत नाही. माणूस दिसला की तो काचेशी येतो आणि तोंडाची उघडझाप करतो. मग आई म्हणते, “बिचारा सकाळपासून उपाशी दिसतोय,” आणि चिमूटभर टाकते. शाळेतून आलेली पोरगी चिमूटभर टाकते. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला दादा, “हे खातात काय हो?” असं विचारतो, आणि त्याला दाखवायला म्हणून पुन्हा चिमूटभर. एकादशीला तेवढी आई हात आखडता घेते, आणि मी ताडून पाहिलंय, द्वादशीला पाणी सर्वांत नितळ असतं.

मे महिना हा वेगळाच अध्याय. पारा ४२ च्या घरात गेला की पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागं नऊ मिलिग्रॅम असतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडं लावतात. नेमकी त्याच संध्याकाळी वळवाची वावटळ सुटते, वीज जाते, एअर पंप गप्प होतो. मग घरातला एक माणूस तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलून वरून धार धरून परत ओतत बसतो, अंधारात, बनियनवर, वीज येईपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, अभिषेक चाललाय. दिवसा फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत तरंगत सोडायची असते. ती फ्रीजरमधून काढताना आमरसाच्या डब्याशी जो जागेचा वाद होतो, तो आम्ही अजून मिटवू शकलेलो नाही.

त्यात कूलर. कूलरला पाणी माणसांपेक्षा जास्त लागतं आणि तो फिश टँकचा थेट प्रतिस्पर्धी आहे. त्याचं वारं टाकीवरून वाहिलं तर पाणी जरा निवतं हे खरं, पण बाष्पही त्याच वेगानं होतं. पातळी बोटबोट खाली येते, आणि उडतं ते नुसतं पाणी. क्षार मागंच राहतात. वर भर घालायची तर टँकरच्या बोअरचं पाणी, दख्खनच्या काळ्या खडकातून आलेलं, आधीच जड. जून उजाडेपर्यंत काचेवर एकाखाली एक पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. त्या वाचायला शिकलं की यंदा कुठल्या आठवड्यात गॅप किती होता हे घरबसल्या सांगता येतं. एकानं तोड म्हणून आरओचं शुद्ध पाणी घालायचं सुचवलं. त्यात मासे सोडले तर त्यांना लागणारे क्षारही उरत नाहीत. दुसऱ्यानं आरओचं वाया जाणारं पाणी घालायचं सुचवलं. त्यात क्षारांशिवाय दुसरं काही उरत नाही.

पाणी काढायचं ते सायफननं. नळीचं एक टोक खडीत खुपसायचं, दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढायचं, पाणी ओठापर्यंत पोचायच्या आत नळी बादलीत सोडायची. ‘आत’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. हा खटाटोप करताना मला नेहमी वाटतं, हे कौशल्य आमच्या शहराच्या रक्तातच असायला हवं होतं. मलिक अंबरनं १६१० साली खडकी, म्हणजे आमचं हेच शहर, वसवली आणि पुढं नहर-ए-अंबरी खणून डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावात आणलं. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच खांब बांधले, कोंडलेली हवा निघून जावी आणि पाण्याचा दाब राहावा म्हणून. अठराव्या शतकातली पाणचक्की तर अशीच लांबून नळांतून आलेलं पाणी भिंतीवर चढवून, वरून सोडून, जातं फिरवायची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंचं पीठ दळायला. वीज नाही, मोटार नाही, कोणी नळी तोंडानं ओढत नाही. पाणचक्कीसमोरच्या हौदातही मासे असतात, चांगले थोराड. पर्यटक त्यांना बघतात, खाऊ टाकतात, फोटो काढतात. मी मात्र तिथं उभा राहून एवढंच बघतो, की एवढ्या हौदाचं पाव भाग पाणी कोण बदलत असेल.

आमच्या टाकीतून निघालेलं पाणी अर्थातच फेकलं जात नाही. नायट्रेट म्हणजे खतच. ते आधी तुळशीला, मग कढीपत्त्याला, उरलं तर गाडी पुसायला. आमच्या सोसायटीतला सर्वांत भरदार कढीपत्ता माझा आहे, आणि शेजारच्या काकू तो मागून नेतात तेव्हा मी त्यांना पाण्याचा पूर्वेतिहास सांगत नाही.

पावसाळ्यात दारावर आरोग्य विभागाच्या ताई येतात. शहरभर पाणी साठवलेलं, म्हणजे डेंग्यूच्या डासांना आयतं माहेर. त्या ड्रममध्ये बॅटरी मारून अळ्या बघतात, अ‍ॅबेट टाकतात आणि बजावतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. नळ आठवड्यातले सहा-सात दिवस कोरडा पाळतोच आहे, पण ते असो. एक ताई फिश टँकपाशी थबकल्या.

“हे पाणी किती दिवसांचं?”

“हे? तसं बघितलं तर तीन वर्षांचं.”

त्यांचा पेन थांबला. पाव-पाव बदलत गेल्यामुळं पहिल्या दिवसाच्या पाण्यातलं थोडं तरी त्यात कायम राहतंच, हे मी समजावून सांगत होतो, तोवर त्यांनी अ‍ॅबेटचं झाकण उघडलं होतं. मी आडवा झालो. शेवटी त्यांनी तडजोड म्हणून पिशवीतून गप्पी मासे काढून आमच्या ड्रममध्ये सोडले, फुकट.

गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा, ही घोषणा महाराष्ट्रातल्या निम्म्या सरकारी भिंतींवर वाचून आपण मोठे झालो, पण हा मासा काय चीज आहे हे ड्रममध्ये बघितल्याशिवाय कळत नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, भारतात येऊन शंभरावर वर्षं झाली. त्याला फिल्टर लागत नाही, दिवा लागत नाही, खाणं लागत नाही. डासांच्या अळ्या खातो, झाकणाखालच्या अंधारात राहतो, महिन्याला पिल्लं घालतो, आणि अडचण आली तर त्यातलीच काही खाऊन कुटुंबनियोजनही करतो. बैठकीत, एलईडीच्या उजेडात, पैसे मोजून आणलेला मासा पाण्याचा अंश इकडचा तिकडं झाला की अंगावर पांढरे ठिपके घेऊन कोपऱ्यात बसतो आणि त्याच्यासाठी जाडं मीठ, निळं औषध, हीटर अशी धावपळ होते. न्हाणीघरात हा सरकारी मासा मग बुडवला की बाजूला सरकतो, मग काढला की पुन्हा जागेवर. आता आमच्याकडं अशी पंचाईत आहे की बादली भरताना आधी गाळणी लावावी लागते, नाहीतर दोन गप्पी आंघोळीला येतात.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडं बैठकीच्या ईशान्येला वास्तुशास्त्राप्रमाणं टाकी आहे, आठ सोनेरी आणि एक काळा मासा. त्यातला मासा मेला की ‘घरावर येणारं संकट त्यानं स्वतःवर घेतलं’ असं मानायचं असतं. पाणी बदलायचा त्यांना कंटाळा असल्यानं गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यावरची इतकी संकटं टळली, की एवढी येणार तरी कुठून होती असा प्रश्न पडावा. सगळे मासे संपल्यावर उरला एकटा सकर. काच साफ करतो म्हणून दोन इंचांचा आणलेला हा मासा फूटभर झाला होता. त्याला सलीम अली सरोवरात नेऊन सोडावा, पुण्य लागेल, असं त्यांच्या मनात होतं. माझं या बाबतीत मत कडक आहे : घरचा मासा तळ्यात सोडणं हे पुण्य नव्हे, खोडसाळपणा आहे. उजनीच्या जलाशयात अशाच सकर माशांनी मच्छीमारांची जाळी फाडून त्यांना जेरीस आणलंय. मी हे तावातावानं सांगितलं. त्याचा परिणाम असा, की तो सकर सध्या माझ्याकडं आहे.

तो आल्यापासून पाव भाग पाणी पुरत नाही, अर्धा भाग काढावं लागतं. म्हणजे चौघांची आंघोळ. चाचांकडं उपाय विचारायला गेलो तर ते फळीवर अँटी-क्लोरीनच्या बाटल्या रचत होते. मी म्हटलं, “चाचा, इथं हे कोण घेतं?” ते म्हणाले, नवी लाइन येणार ना! २५०० मिलिमीटरची, माणूस उभा चालत जाईल एवढी, पैठणहून. डिसेंबर २०२० मध्ये तिचं भूमिपूजन झालं तेव्हा योजना १६८० कोटींची होती, नंतर ती अडीच हजार कोटींच्या पुढं गेली, आणि पूर्ण व्हायच्या तारखाही तिच्याबरोबर पुढं जात राहिल्या. पण एकदा ती सुरू झाली की रोज नळ, रोज ताजं पाणी, रोज ताजं क्लोरीन. मग अख्ख्या शहराला हे थेंब लागणार, हा त्यांचा हिशेब. मी एक बाटली उचलून मागची बाजू पाहिली.

“चाचा, ही तर दोन वर्षांनी एक्स्पायर होते.”

चाचांनी बाटली माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर चढवून तारीख वाचली, थोडा विचार केला, आणि रचलेल्या बाटल्यांपैकी अर्ध्या परत खोक्यात भरायला लागले.